रेकॉर्ड उलटायला कोण जाणार

आत्या: ...तर मी त्याला स्पष्ट सांगून टाकलं, उद्या सकाळी तुझे डबे घेऊन ये आणि तळघरातलं ते पिंप रिकामं करून ने. व्हिनेगरवाला असला तरी माणूस सरळ आहे. नाक न मुरडता नेईल.

आई: वन्सं, मला विचारायचं तरी.

आत्या: विचारलं असतं तर तू 'बघू' म्हणाली असतीस. तुझ्या 'बघू'मध्ये माझ्या भावाचं आयुष्य गेलं, माझं उरलेलं कशाला घालवू? मटार सोल. आणि गुडघा सरळ ठेव, मघापासून दाबत बसली आहेस.

आई: शेकायची पिशवी मिळत नाहीये. सगळी कपाटं पालथी घातली.

आत्या: मिळेल कशी? भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी पळवली असणार. ती शेजारीण मला पहिल्यापासून...

आई: वन्सं, रबराची जुनी पिशवी कोण पळवेल?

आत्या: लोक दुःखाच्या घरातून काय काय नेतात, तुला माहीत नाही. आली बघ ही वर. काय गं, काय म्हणतंय तुझ्या बापाचं पिंप?

मी: काहीच नाही. वरच्या नळीतलं पाणी तसंच आहे. एक बुडबुडासुद्धा नाही.

आत्या: आणि प्रयोगशाळेतला तो चष्मेवाला काय म्हणाला होता?

मी: आंबणं अर्ध्यात थांबलंय म्हणाला. रसात साखर अजून बरीच आहे, पण ती खाणारं यीस्ट गारठून तळाशी जाऊन बसलंय. असंच राहिलं तर आंबट होईल. वाइन होणार नाही.

आत्या: झालं तर मग. त्यापेक्षा व्हिनेगरवाल्याने चार दिवस आधी नेलेलं काय वाईट?

आई: यांच्या हातचं कधी अर्ध्यात थांबलं नव्हतं.

आत्या: त्याच्या हातचं आता कुठे आहे ते?

मी: बाबांच्याच हातचं आहे, आत्या. द्राक्षं त्यांनीच तोडली, रस त्यांनीच काढला. पिंप भरून, नळी बसवून वर आले आणि दोन दिवसांनी अंगणात रिकामे क्रेट रचताना गेले. यंदाचं हे एकच पिंप आहे त्यांचं.

आत्या: मला सांगतेस? क्रेट बाजूला करून त्याचं डोकं मांडीवर मी घेतलं होतं.

आई: पाणी देऊ का, वन्सं?

आत्या: नको. मटार दे इकडे, तुझ्याने दोन दाणे होत नाहीत.

मी: मला एवढंच कळत नाही, काय कमी पडलं. गाणं तर मी एक क्षण बंद पडू दिलं नाही. मी इथे आले त्याच दिवशी बाबांची ती व्हायोलिनची रेकॉर्ड फोनमध्ये उतरवून घेतली आणि मोठ्या स्पीकरला जोडली. संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होते. रस आंबत असताना पिंपाला एकटं वाटता कामा नये, हा त्यांचा एकच हट्ट होता. निदान तेवढा पाळावा म्हटलं.

आत्या: तू पाळलास. पिंपाने नाही पाळला. सकाळ संध्याकाळ तेच ते ऐकून त्या यीस्टने कानात बोळे घातले असतील. मी घातलेच आहेत.

मी: यीस्टला कान नसतात.

आत्या: हे तुझ्या बापाला सांगायचं होतंस.

मी: सांगितलं होतं. म्हणाले, 'तुला तरी कुठे आहेत? कधीचा जेवायला हाका मारतोय.'

आत्या: हे अस्सल त्याचं. वेलींच्या बाबतीतही हेच. बागेत खांबाला कर्णा बांधला, म्हणे कर्ण्याजवळची वेल जोमाने वाढते. अरे बाबा, कर्णा तू उन्हाच्या बाजूला बांधलास, वेल उन्हाकडे वळली, त्यात व्हायोलिनचं काय कर्तृत्व? बाजारात सगळे त्याला वाजंत्री म्हणायचे. आणि मला वाजंत्र्याची बहीण. बटाटे घ्यायला गेले तरी तो भाजीवाला विचारायचा, यांना काय ऐकवू?

आई: कर्णा उन्हाच्याच बाजूला नसायचा. एकच होता ना तो, आणि वायर तोकडी. ओळीओळीने हलवत न्यायचे. कर्णा हलवून येतो म्हणून गेले की मग पत्ता नाही. इथे ताट वाढलेलं, आणि हे तिकडे वेलीशी काहीतरी खुडत, बांधत बसलेले. पण ज्या ओळीत कर्णा त्या ओळीची द्राक्षं भरलेली, हे मात्र खरं. मी या हातांनी तोडलीत.

आत्या: हे त्याला कधी बोलून दाखवलंस?

आई: वेड लागलंय का? आणखी चार कर्णे आणले असते.

मी: लहानपणी मला ओळीच्या टोकाला उभं करून विचारायचे, सांग, ही उंच की ती? मी दर वेळी आधी त्यांचा चेहरा बघायचे.

आत्या: आणि मग?

मी: मग जी उंच असायला हवी ती उंच म्हणायचे. आत्या, व्हिनेगरवाल्याला उद्या नको सांगूस.

आत्या: मग कधी?

मी: माहीत नाही. थोडं थांबू या.

आत्या: थांबून काय होणार? चष्मेवाला शिकलेला, तू शिकलेली. दोघं मिळून त्या नळीकडे बघत बसलात तर बुडबुडे येतील? भिजत घोंगडं ठेवायचं ते किती?

आई: ते बंद कर गं.

मी: काय?

आई: खालचं गाणं. थोडा वेळ बंद कर.

आत्या: देव पावला.

मी: आई, मला वाटलं तुला बरं वाटत असेल. बाबांचं आहे ते.

आई: पहिल्या दिवशी वाटलं बरं. डोळे मिटून पडले होते, क्षणभर विसरायलाच झालं. पण ते थांबतच नाही.

मी: थांबू नये म्हणूनच तर...

आई: यांचं थांबायचं. एक बाजू संपली की थांबायचं. मग खाली खुर्ची मागे सरकायची. मग यांचं पाऊल वाजायचं, डावं जरा ओढत टाकायचे ना, तसं. ते पिंपापर्यंत जायचं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पाऊल परत यायचं आणि सुई टेकायची. वर असले, जेवत असले, तरी घास ठेवून खाली जायचे. मला इथे ओट्यापाशी सगळं ऐकू यायचं. आता मी वाट बघत बसते. गाणं थांबेल आणि पाऊल वाजेल, असं आपलं वाटत राहतं. पाऊल वाजणार नाही, ते मला कळतं गं. पण गाणं थांबलं तर निदान वाजलं नाही हे तरी कळेल. थांबतच नाही ते.

आत्या: हे तू मला का नाही सांगितलंस?

आई: तुम्ही कानात बोळे घातले होते.

मी: मी बंद करते. आताच बंद करते. फोनवरूनच होतं. हं. झालं.

आत्या: किती शांत वाटलं. घर मोठं झाल्यासारखं.

मी: आई, 'थोडा वेळ काहीच नाही' म्हणजे किती वेळ?

आई: घड्याळ लावून बसत होते का मी? एक कांदा चिरून व्हायचा.

मी: रेकॉर्ड उलटायला एवढा वेळ लागत नाही. आणि प्लेअर खुर्चीला लागूनच आहे. पिंपापर्यंत कशाला जायचे?

आत्या: विचारत असेल त्याला, कसं वाटलं म्हणून. दाद घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही त्याला.

आई: बाही.

मी: काय बाही?

आई: शर्टाची उजवी बाही. द्राक्षांच्या दिवसांत कोपरापर्यंत चिकट असायची. मी रोज बोलायचे, गाणं ऐकता की रसात पोहता? दोनदा साबण लावला तरी जायचं नाही ते.

मी: पिंपाशेजारी भिंतीला एक लांब काठी टेकवलेली आहे. मला वाटलं कोळिष्टकं काढायची असेल.

आत्या: तुझ्या बापाने जन्मात कधी कोळिष्टक काढलं नाही.

मी: म्हणजे ढवळत होते. बूच काढून, काठी तळापर्यंत घालून ढवळत होते. दर वेळी, बाजू संपली की. तळाशी बसलेलं पुन्हा वर यायचं. आणि मी बाजू संपूच दिली नाही.

आई: तुला कुठे ठाऊक होतं.

मी: कुणाला खाली जायचं कारणच ठेवलं नाही मी. सकाळी एकदा जायचे, नळीकडे बघायचे आणि वर यायचे. बाकीचा सगळा दिवस ते एकटंच होतं. बाबा नेमकं तेच होऊ देत नव्हते.

आत्या: अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मटार सांडलेत बघ खाली. आणि तळघर गार आहे त्याचं काय? ढवळून गारठा जातो का? चष्मेवाल्याने गारठाही सांगितला होता.

मी: तळघर आधीही गारच असायचं. तेव्हा कसं चालायचं?

आई: गार म्हणजे केवढं गार. यांची कंबर धरायची खाली बसून. खालून हाक यायची, 'अगं ऐकलंस का, कंबर गार पडली, पाणी ठेव.' मी पिशवी भरून दारात द्यायची. थोडा वेळ गेला की पिशवी परत दारात, बर्फासारखी. पुन्हा भरा. द्राक्षांच्या दिवसांत संध्याकाळभर मला दुसरं काम नसायचं. मी म्हणायचे, तुमची कंबर आहे की विहीर?

मी: आणि बाकीचं वर्ष?

आई: बाकीचं वर्ष काय?

मी: बाकीचं वर्ष त्यांची कंबर दुखायची?

आई: नाही. बाकीचं वर्ष चांगली असायची.

मी: आई, पिंपावर त्यांचा कोट आहे. जाड, राखाडी, कोपराला फाटलेला. भोवती गुंडाळून सुतळीने बांधलाय. मी हात लावला नव्हता त्याला. त्यांनी जसा ठेवला होता तसा राहू दे म्हटलं.

आत्या: पिंपाला कोट? 

मी: बसा. आलेच मी.

आत्या: अगं, पायऱ्या जपून. दिवा लाव आधी.

आई: वन्सं, व्हिनेगरवाल्याला का बोलावलंत?

आत्या: सांगितलं ना. वाया जाईल म्हणून.

आई: खरं सांगा.

आत्या: खरं काय त्यात? मी काय वैरीण आहे का त्या पिंपाची? माझा भाऊ आंबायला लागलेला रस पहिल्या दिवशी मला चाखवायला घेऊन आला होता, चमच्यातून, सांडत सांडत. म्हणाला, ताई, यंदा बघ. आता ते आंबट होणार. आंबट झालं की तू एक दिवस ते चाखणार, मला ठाऊक आहे. आणि मग तीच चव तुझ्या तोंडात राहणार. त्याच्या आधी नेऊ दे म्हटलं कुणालातरी.

आई: मी खालीच गेलेली नाही अजून. चाखणार कुठली.

आत्या: गेली नाहीस? एकदाही?

आई: दारापर्यंत जाते.

आत्या: मी समजत होते, मी नसताना जातेस.

आई: मीही तुमच्याबद्दल तेच समजत होते.

आत्या: माझे गुडघे.

आई: हो. माझेही.

मी: ही बघ तुझी पिशवी.

आई: अगं बाई.

मी: कोटाच्या आत होती. पिंपाला घट्ट लावून वर कोट बांधलेला. आतलं पाणी अजून तसंच आहे.

आत्या: त्या शेजारणीला मी मनातल्या मनात काय काय बोलले असेन. आता तिला भाजी नेऊन द्यावी लागणार.

आई: म्हणजे मी इतकी वर्षं पाणी तापवत होते ते पिंपासाठी?

मी: पिंपासाठी पाणी ठेव म्हटलं असतं तर ठेवलं असतंस?

आई: नसतं ठेवलं. एवढा गॅस कोण जाळेल लाकडासाठी.

मी: मग कंबरच दुखायला हवी होती.

आत्या: ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच. लहानपणी पोटात दुखतंय म्हणून खडीसाखर न्यायचा, आणि ती घालायचा मुंग्यांना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आई: खोटारडे.

आत्या: हसतेयस का तू?

आई: नाही. हसत नाहीये. दर वेळी पिशवी घेताना केवढं कण्हायचे, वन्सं. एक हात कंबरेवर ठेवून. तुम्ही ऐकायला हवं होतं. मी मलम आणलं होतं दोन ठिकाणचं. लावून पण घ्यायचे मुकाट.

मी: आई, एक गोष्ट मला नीट कळत नाही. त्यांना हे ठाऊक होतं का? की ढवळल्यामुळे, उबेमुळे होतं. विचारलं की नेहमी गाण्याचंच नाव घ्यायचे.

आई: आपण एखाद्याला भेटायला जातो, तेव्हा उशी सरळ करतो, खिडकी लावतो, पाणी देतो. परत आल्यावर कुणी विचारलं काय केलंस, तर काय सांगतो? भेटून आले म्हणतो.

आत्या: हे बरीक खरं बोललीस.

मी: खिडकी. तो वरचा झरोकाही उघडाच होता. आता लावून आले.

आई: ऊन कललं की लावायचे तो.

मी: आत्या, व्हिनेगरवाल्याला फोन कर. उद्या येऊ नको म्हणावं.

आत्या: आणि कारण काय सांगू? की पिंपाची कंबर धरलीय, शेक चालू आहे?

मी: सांग. बाबांना ओळखतो तो. आश्चर्य वाटणार नाही त्याला.

आत्या: पण एवढं करून नाहीच आलं तर? ढवळलं, शेकलं, आणि तरी आंबट झालं तर?

मी: तर त्याला परत बोलावू. तेव्हा मी अडवणार नाही. आणि आईला चाखू देणार नाही.

आत्या: आमचं बोलणं ऐकलंस वाटतं.

मी: तळघरात स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं. आज कळलं मला ते.

आई: सगळं?

मी: हो. कांदा चिरलेला पण येत असणार.

आई: म्हणजे मी त्यांना इथून जे जे बोलायचे...

आत्या: ते सगळं त्या माणसाने व्हायोलिनबरोबर ऐकलं. बिचारं यीस्ट.

मी: आई, पाणी ठेवतेस? मी फोन काढून टाकते आणि रेकॉर्ड लावते. एक बाजू किती वेळ टिकते?

आई: भाजी निवडून, चिरून, फोडणीला पडेपर्यंत.

मी: मग तेवढ्या वेळाने कुणीतरी उठायचं. मी, नाहीतर आत्या.

आत्या: मी? माझे गुडघे?

मी: बसून उतर. एकेक पायरी. बाबा सांगायचे, लहानपणी तू जिना तसाच उतरायचीस.

आत्या: काय काय सांगून ठेवलंय या माणसाने.

[काही दिवसांनी. तेच स्वयंपाकघर, संध्याकाळ. खाली रेकॉर्ड वाजते आहे.]

आत्या: बुडबुडे मोजलेस का आज?

मी: मोजण्यासारखे नाहीत अजून. एक येतो. मग बराच वेळ काही नाही. आपण आशा सोडून उठायला लागलो की दुसरा येतो.

आत्या: अगदी बापावर गेलंय. मी दुपारी गेले होते तेव्हा लागोपाठ दोन आले. मी चांगलं खडसावलं होतं त्याला.

मी: काय म्हणालीस?

आत्या: म्हटलं, मी या वयात बुडावर बसून पायऱ्या उतरतेय, आणि तू साधं फसफसत नाहीस? लाज वाटली त्याला.

आई: चष्मेवाला आला होता ना सकाळी?

मी: आला होता. गोडी उतरतेय म्हणाला. सावकाश, पण उतरतेय. इतक्यात निश्चिंत होऊ नका, पण टाकूही नका. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, 'गाणं बदललंत का?'

आत्या: तू काय सांगितलंस?

मी: गाणं तेच आहे म्हटलं.

आत्या: सांगायचं नाहीस खरं काय ते?

मी: सांगणार होते. मग वाटलं, राहू दे. बाबांची एवढ्या वर्षांची बाजू आहे. मी कशाला मोडू.

आई: व्हिनेगरवाला रागावला नाही ना, वन्सं?

आत्या: तो कसला रागावतोय. म्हणाला, वाजंत्र्याच्या घरून मी रिकाम्या हाताने परतायला तयार होतोच. बूच उघडाल तेव्हा मला मात्र बोलवा. तुझी बॅग भरून झाली का गं?

मी: झाली. सकाळची गाडी आहे.

आई: डबा देते बरोबर. आणि तो राखाडी कोट...

मी: तो पिंपालाच राहू दे. अजून थंडी आहे.

आई: हो. राहू दे.

मी: मी नसताना कसं करायचं, त्याचाच विचार करत होते. आत्याला दिवसातून एवढ्या वेळा नको. शेजारणीला विचारू का? दोन वेळा येऊन ढवळून जाईल. रेकॉर्ड नसली तरी चालेल, ढवळणं महत्त्वाचं.

आत्या: तिला विचार. भाजी पोचलीय तिच्याकडे. काही नाकारायची नाही.

आई: कुणाला विचारायला नको.

मी: आई, तू दारात पिशवी भरून देतेस तेवढं पुष्कळ आहे. बाकीचं...

आत्या: श्श. थांबलं बघ. संपली बाजू.

मी: जाते मी.

आई: तू बस.

मी: आई...

आई: बस म्हटलं ना. वन्सं, एवढी भाजी बघा, लागेल खाली. पिशवी कुठेय? हं. ही बघ, अजून कोमट आहे, तेवढी आत्ता पुरेल.

आत्या: अगं, दिवा... लावला तिने. धर ना तिला जाऊन.

मी: नको, आत्या.

आत्या: एकटी उतरतेय.

मी: उतरू दे. ऐक.

आत्या: काय ऐकू? काहीच तर वाजत नाही.

मी: वाजतंय. थांबून थांबून उतरतेय. ती तिसरी पायरी, करकरते ती. आता खाली पोचली.

आत्या: हो गं. पिंपाकडे चाललीय. गुडघ्यामुळे तीही जरा ओढूनच टाकते पाऊल.

मी: हो.

आत्या: आता आवाज नाही.

मी: ढवळत असेल.

आत्या: किती वेळ लावतेय. एवढा वेळ लागतो?

मी: कांदा चिरून होईपर्यंत लागतो. भाजी ढवळ, आत्या.

आत्या: तू रडतेयस का?

मी: नाही. वाफ आहे. ऐक, परत निघाली.

आत्या: सुई टेकली. उलटी बाजू लावली की तीच पुन्हा?

मी: उलटी. ही सुरुवात जरा खरखरते. बाबा म्हणायचे, घसा साफ करतंय.

आत्या: मग येत का नाही वर? लावून झाली ना?

मी: खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आत्या: बसली? तिथे, त्याच्या खुर्चीत?

मी: हो.

आत्या: अगं बाई. आणि जेवायचं?

मी: येईल. बाजू संपली की येईल. नाहीतर आपण ताट खाली नेऊ.

आत्या: हाक मारतेय का ती? काहीतरी म्हणाली.

मी: गॅस बारीक कर, ऐकू दे. काय म्हणतेस, आई?

आई: अगं ऐकलंस का, कंबर गार पडली. पाणी ठेव.